पाण्याला बांध नाही



मागच्या आठवड्यात आमच्या वस्तीवर बोअरची गाडी आली होती. रात्रभर तिची घरघर चालली. सकाळी उठून पाहतो तो सगळीकडे करडी पूड बसलेली; दारचा आंबा तर गिरणीतून पीठ माखून आल्यासारखा दिसत होता. शेजारचे तात्या खांद्यावर टॉवेल टाकून आले. त्यांची विहीर तिथून जेमतेम दोनशे पावलांवर आहे. पुडीच्या ढिगाकडे ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "काय हो मास्तर, एवढं खोल भोक पाडलं. असल्या भोकातनं पाण्याबिगर दुसरं कधी काही निघतं का?"

"निघतं की, तात्या," मी म्हणालो. "युरेनियम निघतं. ज्यापासून अणुवीज करतात ते."

तात्या हसले. पण जाता जाता त्यांनी हळूच दुसरा प्रश्न टाकला, "आणि ह्या भोकापायी माझ्या विहिरीचं पाणी हटलं तर?"

वरवर पाहता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दूर युरोपात एक गाव आहे, तिथे हे दोन्ही प्रश्न एकाच जमिनीखाली एकत्र आले. त्या गावाचा हिशेब अजून फिटलेला नाही. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी खाण कशी असते ते पाहू. खाण म्हटली की डोळ्यांपुढे खोल विवर येते, पाळणा येतो, डोक्याला दिवा बांधून खाली उतरणारी माणसे येतात. झारखंडातील जादुगुडा येथे 1967 पासून आपल्या देशाची युरेनियमची खाण आहे, ती याच जातीची. धोंडा खालून वर आणायचा, फोडायचा, दळायचा, आम्लात भिजवून त्यातले युरेनियम काढायचे आणि उरलेला चिखल बांध घालून साठवून ठेवायचा. एक टन दगडातून किलोभरही युरेनियम मिळाले नाही, तरी सगळा टन वर आणावाच लागतो.

दुसऱ्या जातीच्या खाणीत मात्र खाली कोणी उतरत नाही. धोंडा जागचा हलत नाही. जमिनीवर नुसत्या बोअरच्या रांगा असतात. काही बोअरमधून औषधी पाणी आत सोडायचे, ते खालच्या थरातून झिरपत जाते, जाता जाता युरेनियम विरघळवते, आणि बाजूच्या बोअरमधून पंपाने ते वर ओढायचे. काढा करताना आपण पाला पाण्यात उकळतो, पाण्यात गुण उतरला की पाला टाकून देतो. इथे तसाच काढा जमिनीच्या पोटात होतो आणि चोथा कायमचा खालीच राहतो. दगड जागच्या जागी धुऊन काढायचा, एवढेच या खाणकामाचे सूत्र.

पण हे कुठल्याही जमिनीत साधत नाही. त्यासाठी निसर्गाने आधी बरीच मांडणी करून ठेवलेली असावी लागते.

युरेनियमचा एक स्वभाव आहे. पाण्यात हवेतला प्राणवायू मिसळलेला असेल तर ते त्यात विरघळते आणि पाण्याबरोबर चालू लागते. पाण्यातला प्राणवायू संपला की ते जागच्या जागी बसते. जुन्या, कठीण खडकांत युरेनियमचा अगदी थोडा अंश असतो. लाखो वर्षे पावसाचे पाणी त्या खडकांवरून वाहते, तो अंश उचलते आणि वाळूच्या दगडाच्या थरात मुरते. त्या थरात पुरातन झाडाझुडपांचे कुजलेले अवशेष असतील, लोहगंधकाचे पिवळे खडे असतील, तर ते पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. मग युरेनियमचा पुढचा प्रवास थांबतो. ओढ्याच्या वळणावर काडीकचरा अडकून ढीग व्हावा, तसे वाळूच्या कणाकणांभोवती युरेनियम साचत जाते.

म्हणजे जे युरेनियम पाण्याने आणून ठेवले, तेच माणूस पुन्हा पाण्याने काढून नेतो. निसर्गाने प्राणवायू संपवून ते बसवले. माणूस त्या पाण्यात प्राणवायू किंवा आम्ल घालून ते उठवतो. युक्ती एवढीच, पण तिला तीन अटी आहेत. थर वाळूच्या दगडाचा हवा, म्हणजे पाणी त्यातून चालेल. तो पाण्याने भरलेला हवा. आणि त्याच्या वर व खाली चिकणमातीसारखा घट्ट, पाणी न सोडणारा थर हवा, म्हणजे सोडलेले औषध भलतीकडे जाणार नाही. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. पुढे जे घडले ते तिच्याभोवतीच घडले.

आता त्या गावाकडे जाऊ. चेक प्रजासत्ताकाच्या उत्तर भागात, रालस्को नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी, स्त्राझ पॉड राल्स्केम म्हणून एक लहान गाव आहे. आजूबाजूला पाइनची राने, तळी आणि वाळवट जमीन. त्या काळी हा देश चेकोस्लोव्हाकिया होता आणि तिथले युरेनियम सोव्हिएत संघाकडे जात असे. 1960 नंतरच्या दशकात या भागात युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि 1967 पासून बोअरच्या खाणीचे प्रयोग सुरू झाले.

तिथल्या जमिनीची उतरंड मडक्यांच्या उतरंडीसारखी डोळ्यांपुढे आणा. सर्वांत खाली जुना कठीण खडक. त्याच्यावर सुमारे साडेनऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वी साचलेला वाळूच्या दगडाचा थर. युरेनियम त्यात, जमिनीपासून सुमारे दोनशे मीटर, म्हणजे साडेसहाशे फूट खोल. त्याच्यावर घट्ट गाळाच्या दगडाचा थर, म्हणजे जणू मडक्यावरचे झाकण. आणि त्या झाकणाच्या वर पुन्हा वाळूच्या दगडाचा एक थर, गोड्या पाण्याने भरलेला. त्या भागातली माणसे हेच वरचे पाणी पितात.

खाणीचे काम असे चाले. बोअर घेऊन आत पाइप बसवायचे. बोअरच्या ओळी बांधून काही आत सोडण्यासाठी आणि काही उपसण्यासाठी ठेवायच्या. तिथले युरेनियम सहजासहजी सुटणारे नव्हते, म्हणून पाण्यात सल्फ्युरिक आम्ल, म्हणजे आपले गंधकाचे तेजाब, मिसळून सोडत. वर आलेले पाणी राळेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या टाक्यांतून नेत. ते मणी पाण्यातले युरेनियम धरून ठेवत आणि उरलेले पाणी पुन्हा आम्ल घालून खाली जाई. मणी भरले की नायट्रिक आम्लाच्या मदतीने त्यांच्यावरचे युरेनियम सोडवायचे, त्यात अमोनिया घालायचा, की पिवळा गाळ खाली बसतो. तो वाळवला की झाली पिवळी पूड. एवढा पसारा त्या पुडीसाठी. हजार लिटर पाणी उपसले तरी त्यातून काही ग्रॅम हाती लागत, म्हणून हे पाणी वर्षानुवर्षे गरागरा फिरवावे लागे.

काम स्वस्त होते. धूळ नाही, स्फोट नाहीत, कामगार दरडीखाली सापडण्याची भीती नाही. वरून पाहणाऱ्याला रानात नुसते पाइप दिसत. हजारो बोअर झाले आणि त्यांच्या शेतांनी सहा-सात चौरस किलोमीटर जागा व्यापली.

इथवर सगळे नीट चालल्यासारखे वाटते. पण जवळच हम्र या गावी त्याच थरात दुसरी खाण काढलेली होती, आणि ती होती जुन्या जातीची, माणसे खाली उतरणारी. वाचकहो, दोन सख्ख्या भावांचे एका विहिरीवरून कसे बिनसते ते तुम्हाला मी सांगायला नको. इथे नेमके तेच झाले. हम्रच्या खाणीत माणसांना काम करायचे, म्हणून तिला थर कोरडा हवा. ती रात्रंदिवस पाणी उपसून बाहेर टाकणार. स्त्राझच्या बोअरच्या खाणीला मात्र थर पाण्याने भरलेला हवा. ती आत आम्ल सोडणार. पाणी तर नेहमी दाब कमी असेल तिकडे धाव घेते. एकाने उपसा केला की दुसऱ्याचे आम्ल त्याच्याकडे ओढले जाणार, हे उघड होते.

यावर तोड काय काढली? दोन्ही खाणींच्या मध्ये बोअरची एक लांब रांग घेतली आणि तिच्यातून पाणी आत दाबत राहिले. जमिनीखाली पाण्याचाच बांध घातला म्हणा ना! पण मातीचा बांध एकदा घातला की निदान पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. हा पाण्याचा बांध पंप चालू आहे तोवरच. दोन्ही खाणी चालू, मधला बांधही चालू, आणि कोणालाच थांबता येत नाही, अशी ती गत झाली.

हे 1996 पर्यंत चालले. त्या वर्षी युरेनियम काढण्यासाठी आम्ल सोडणे थांबले; हम्रची खाण त्याआधीच बंद पडली होती. आता जमाखर्च मांडा. बोअरच्या खाणीतून सुमारे 15 हजार टन युरेनियम निघाले. त्यासाठी जमिनीत सोडलेले सल्फ्युरिक आम्ल सुमारे 40 लाख टन. नायट्रिक आम्ल तीन लाख टनांहून अधिक आणि अमोनियाही लाखभर टन. म्हणजे एक टन युरेनियमसाठी अडीचशे टनांहून जास्त तेजाब जमिनीला पाजले. दहा टनी ट्रकने हे आम्ल आणायचे झाले तर चार लाख खेपा भरतील.

त्यातले पुष्कळसे खालीच राहिले. वीस चौरस किलोमीटरहून मोठ्या टापूत खालच्या थरातले पाणी आम्लाने आणि त्यात विरघळलेल्या क्षारांनी बिघडले. बोअरची शेते होती त्याच्या कितीतरी पलीकडे ते पसरले. वरच्या गोड्या पाण्याच्या थरालाही काही ठिकाणी डाग लागला. ते कशाने? घट्ट थराचे झाकण निसर्गाने दिले होते खरे, पण माणसाने त्यालाच हजारो भोके पाडली होती. ज्या बोअरचा पाइप गळका, ज्याचे बाहेरचे सांधे नीट भरले नाहीत, त्यातून खालचे पाणी वर गेले. वर जमिनीवर जे सांडले ते खाली मुरले.

मग खाण बंद केली, पंप बंद केले आणि कुलूप लावून घरी गेले, असे का करता येत नाही? कारण खालच्या थरातले पाणी दाबाखाली आहे. उपसा थांबला की त्याची पातळी चढते. ती वरच्या गोड्या पाण्याच्या पातळीहून वर गेली, की गळके बोअर आणि खडकातल्या भेगा यांतून आम्लाचे पाणी वर सरकू लागणार. म्हणून खालच्या थराचे पाणी सतत उपसून त्याची पातळी वरच्या पाण्याच्या खालीच ठेवावी लागते. खाणीचे उत्पन्न थांबले, पण पंपाचे बिल थांबले नाही.

उपसलेले आम्लपाणी असेच ओढ्यात सोडता येत नाही. त्यासाठी कारखाना उभारला. तिथे ते पाणी आटवतात आणि आटवलेल्या पाण्यातून एका प्रकारची तुरटी बाहेर पडते. आम्लाने जमिनीतल्या मातीतून ॲल्युमिनियम सोडवले, त्याचा अमोनियाशी आणि गंधकाशी संयोग झाला, म्हणून ही तुरटी. आपण गढूळ पाणी निवळायला तुरटीचा खडा फिरवतो. तिथे पाणी निवळताना तुरटीचे ढीग निघतात. बाकीचे पाणी चुना घालून शांत करतात. थरात असलेले सगळे विष काढून टाकणे कोणालाच शक्य नाही. एवढेच करायचे की खाली जे उरेल ते वरच्या पिण्याच्या पाण्याला कधी बाधू नये. खाण साधारण तीस वर्षे चालली. साफसफाई 1996 मध्ये सुरू झाली ती अजून चालू आहे आणि 2030 नंतरही चालणार आहे. म्हणजे कमाईच्या वर्षांपेक्षा निस्तरण्याची वर्षे जास्त. ज्यांनी खाण काढली ते केव्हाच निवृत्त झाले आणि त्यांची नातवंडे पंप चालवीत आहेत.

यावरून कोणी म्हणेल की ही रीतच वाईट. तसे सरसकट म्हणणे बरे नव्हे. आज जगातले निम्म्याहून अधिक युरेनियम बोअरच्या खाणीतूनच निघते. कझाकस्तान हा देश एकटा जगाचे सुमारे चाळीस टक्के युरेनियम काढतो आणि तेही याच रीतीने. आपल्या देशाने 2015 मध्ये त्याच्याशी 5 हजार टनांचा करार केला होता. तेव्हा आपणही या रीतीचे गिऱ्हाईक आहोत. अणुवीज आपल्याला नवी नाही. तारापूरचे केंद्र 1969 मध्ये सुरू झाले, आणि आपल्या विहिरीवरची मोटर ज्या तारेवर चालते त्या तारेत अशा विजेचाही वाटा असतो.

अमेरिकेत आम्लाऐवजी पाण्यात प्राणवायू आणि खाण्याचा सोडा घालतात. तिथल्या दगडात चुना बराच असतो. चुनखडीवर लिंबू पिळले की कसे फसफसते, तसे आम्ल तिथे चुन्यावरच खर्ची पडेल, म्हणून सोडा. जितके पाणी आत सोडतात त्याहून थोडे जास्त उपसतात, म्हणजे बाहेरचे पाणी आत येईल, आतले बाहेर जाणार नाही. भोवती पाहणीच्या बोअरचे कडे घालतात आणि त्यांतले पाणी वारंवार तपासतात. स्त्राझच्या मानाने हे पुष्कळच शहाणपणाचे. तरीही काम संपल्यावर पाणी पुरते पहिल्यासारखे होते का? टेक्सासमधल्या अशा खाणींच्या सरकारी नोंदी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2009 मध्ये तपासल्या. ज्यांच्या शेवटच्या तपासणीचे आकडे सापडले, त्यांतल्या एकाही ठिकाणी पाण्यातले झाडून सगळे घटक पूर्वीच्या मापावर आलेले नव्हते. काही आले, काही राहिले. खाणीआधीही ते पाणी युरेनियमच्या थरातले असल्यामुळे बहुधा पिण्यालायक नसते, हेही खरे. पण दुधात विरजण घातल्यावर पुन्हा दूध मागू नये, एवढा धडा त्यातून निघतोच.

आता आपल्या पायाखाली पाहू. महाराष्ट्राचा मोठा भाग लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर ओतला गेला. बोअर घेताना आपल्याला मुरूम, काळा पाषाण, मध्येच गेरूसारखी लाल पट्टी लागते, ते हेच थर. त्यात वाळूच्या दगडासारखे सगळीकडून पाणी चालत नाही. ते भेगांत आणि सांध्यांत असते. त्यामुळे या पाषाणात अशी युरेनियमची खाण होण्याची भीती नाही. काळजी नको.

काळजी दुसरी आहे. स्त्राझच्या लोकांनी हजारो बोअर पाडले, ते सरकारी खात्याने, नकाशे काढून. आपण आपापल्या वावरात पाडतो आणि कोणाच्या बोअरची भेग कोणाच्या विहिरीला जाऊन मिळते ते आपल्याला ठाऊक नसते. गळक्या पाइपाने तिथले झाकण फुटले. आपल्याकडेही वरच्या मुरमातले घाण पाणी बोअरवाटे खोल पाण्यात उतरते. तिथे आम्ल होते. आपल्याकडे गोठ्याचे मूत, युरियाचे पाणी आणि फवारणीचे औषध असते. म्हणून चार गोष्टी सांगतो, त्या ध्यानात ठेवा.

बोअर घेताना केसिंग पाइप कठीण पाषाणाला टेकेपर्यंत उतरवा, मध्येच सोडू नका. तो जमिनीच्या वर फूट-दोन फूट ठेवा आणि त्याच्या भोवतीची पोकळी सिमेंटने किंवा चांगल्या चिकणमातीने भरून वर ओटा करा. गाडीवाला घाई करील, पैसे वाढतील म्हणेल. तरी हे त्याच्याकडून करून घ्या. फवारणीचा पंप विहिरीच्या किंवा बोअरच्या जवळ धुऊ नका आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या कोरड्या बोअरमध्ये टाकू नका. पुष्कळ जण टाकतात, डोळ्याआड झाले म्हणजे संपले असे समजून. ते संपत नाही, खाली वाट पाहत बसते. आटलेला बोअर उघडा ठेवू नका. दगड, मुरूम आणि वर चिकणमाती ठोकून बंद करा. लेकरांच्या जिवासाठी तर हे करायलाच हवे. पावसाचे पाणी बोअरमध्ये मुरवायचे असेल तर खडी, वाळू यांच्या गाळणीतून सोडा. वावरातले लाल पाणी थेट सोडू नका.

शेवटी तात्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर गेलो आणि ही सगळी गोष्ट त्यांना सांगितली. ते बराच वेळ सुपारी कातरत गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मास्तर, वावराला बांध आहे, खाली पाण्याला नाही."

"नाही, तात्या."

"मग वरच बोलून घ्यायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि नवा बोअर घेणारा शेजारी, दोघे मिळून विहिरीत दोर सोडून पाण्याचे माप घेताना मी पाहिले. भिंतीवर कोळशाने तारीख आणि फूट लिहिले. दर पंधरा दिवसांनी माप घ्यायचे आणि पाणी उतरले तर मोटरच्या पाळ्या ठरवायच्या, असे त्यांचे बोलणे झाले. हे बोलणे स्त्राझ आणि हम्र यांच्यात वेळीच झाले असते तर? असो. आपल्या गावात ते अजून वेळेवर होऊ शकते. तुमच्या विहिरीच्या भिंतीवरही आजची तारीख लिहून ठेवा.